निरोपाचा अंक

माझ्या हाती आधी शेवट पडला, सुरुवात नंतर. फोर्टातल्या फुटपाथवर, जुन्या इंग्रजी मासिकांच्या ढिगात, ‘ॲक्शन कॉमिक्स’चा ५८३वा अंक सापडला. कोपरे दुमडलेले, आतल्या एका पानावर चहाचा डाग. मुखपृष्ठावर सुपरमॅन आकाशात झेपावला होता आणि मागे वळून हात हलवत होता. खाली गच्चीवर माणसांची दाटी. त्या दाटीत इतर वीरनायकांच्या जोडीला ‘डीसी कॉमिक्स’च्या कचेरीतली खरी माणसंही उभी आहेत, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर पाहिलेल्या मुखपृष्ठांवर सुपरमॅन कुणाच्या तरी मदतीला धावून येत असे. इथे तो निघाला होता.

गोष्ट मधूनच सुरू होत होती, कारण तिचा पहिला भाग ‘सुपरमॅन’ या दुसऱ्या मासिकाच्या ४२३व्या अंकात होता. तो मिळायला मला काही वर्षं लागली. दोन्ही अंकांवर महिना एकच छापलेला आहे: सप्टेंबर १९८६. कथेचं नाव मराठीत सांगायचं तर ‘उद्याच्या माणसाचं पुढे काय झालं?’ लेखक ॲलन मूर, चित्रकार कर्ट स्वान, संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. आज जवळपास चाळीस वर्षांनी हे दोन अंक पुन्हा शेजारी ठेवून वाचले. त्यांच्याविषयी लिहायचं, ते त्यात कुणाचा पराभव झाला एवढं सांगायला नाही. ज्या मालिकेला शेवट असण्याची सोयच नव्हती, तिला काही माणसांनी हट्टाने शेवट दिला. ती माणसं कोण होती आणि त्यांच्या हातून काय घडलं, हे मला सांगायचं आहे.

सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात, जून १९३८च्या. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलँडमधली दोन पोरं. एक लिहिणारा, एक चित्रं काढणारा. दोघांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाचं स्वतंत्र मासिक निघालं आणि सत्तेचाळीस वर्षांत त्याचे ४२३ अंक झाले. एवढ्या काळात सुपरमॅनच्या घराण्याचा पसारा वाढत गेला. लेक्स लुथर १९४० साली आला, बालमैत्रीण लाना लँग १९५०मध्ये, क्रिप्टो नावाचा उडणारा कुत्रा १९५५मध्ये. १९५८ साली ब्रेनिॲक आणि भविष्यकाळातून येणारी तरुण वीरांची ‘लीजन’, १९५९ साली चुलतबहीण सुपरगर्ल. हा बहुतेक गोतावळा मॉर्ट वायझिंगर या संपादकाच्या हाताखाली जमला. एखाद्या जुन्या वाड्यात पिढ्यापिढ्यांचं सामान साठत जावं, तसं ते होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डीसीने वाडा पाडायचं ठरवलं. मार्व्हल या प्रतिस्पर्धी कंपनीची मासिकं पुढे गेली होती, नव्या वाचकाला जुन्या गोष्टींची वंशावळ झेपत नव्हती. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकांच्या मालिकेत अनेक समांतर विश्वांचं एकच विश्व करण्यात आलं. सातव्या अंकात सुपरगर्ल मेली. त्यानंतर सुपरमॅनची गोष्ट पहिल्यापासून लिहायचं काम जॉन बर्नकडे गेलं. त्याच्या सुपरमॅनला कुत्रा नसणार होता, बहीण नसणार होती, आणि तो लहानपणी ‘सुपरबॉय’ झालेलाच नसणार होता. लुथर वेडा शास्त्रज्ञ न राहता बडा उद्योगपती होणार होता. म्हणजे १९८६पर्यंत लोकांनी वाचलेलं पुष्कळसं काही आता ‘घडलंच नव्हतं’.

श्वार्ट्झ तेव्हा सत्तरीचा होता. १९७०च्या सुमाराला वायझिंगरच्या निवृत्तीनंतर सुपरमॅन त्याच्याकडे आला, आणि आता तोही या कामातून बाहेर पडत होता. त्याच्या मनात साधा विचार आला. हे दोन अंक आपल्या हातातले शेवटचे. मग ते खरोखरच शेवटचे अंक आहेत असं समजून काढले तर? सगळ्या धाग्यांच्या गाठी मारू आणि गोष्ट संपवू. लिहायचं कुणी? पहिली गोष्ट ज्याने लिहिली, त्यानेच शेवटचीही लिहावी. श्वार्ट्झने जेरी सीगलला विचारलं.

सीगलची इच्छा होती, पण हक्कांच्या कायदेशीर गुंत्यातून वाट निघेना. या एका वाक्यामागे जवळजवळ पन्नास वर्षं आहेत. सीगल आणि शुस्टर यांनी पुन्हा पुन्हा दावे केले, हरले, हलाखीत दिवस काढले. १९७५ साली, सुपरमॅनच्या मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना आणि वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाल्यावर, कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर द्यायचं मान्य केलं आणि मासिकावर त्यांची नावं परत आली. १९८५मध्ये आपल्याच मुलाला निरोप द्यायची संधी दाराशी आली, तेव्हा मात्र कागदपत्रं आडवी आली. या अंकाबद्दल मला जे काही वाटतं, त्याच्या तळाशी ही गोष्ट आहे. बापाला शेवटचं बोलता आलं नाही.

पण सीगलने सुपरमॅनचा शेवट एकदा लिहून ठेवला होता. नोव्हेंबर १९६१च्या ‘सुपरमॅन’ १४९मध्ये लुथर त्याला फसवून मारतो, लोक रांगा लावून त्याचं अंत्यदर्शन घेतात आणि शेवटच्या पानावर तो खरंच मेलेला असतो. वायझिंगरच्या काळात अशा गोष्टींना ‘काल्पनिक कथा’ म्हणत. त्यांत लग्न लावता येई, मरण दाखवता येई आणि पुढच्या महिन्यात सगळं पूर्ववत असे. ती गोष्ट चितारली होती कर्ट स्वाननेच. म्हणजे १९८६ साली जो हात निरोपाची चित्रं काढत होता, त्याच हाताने पंचवीस वर्षांपूर्वी सीगलसाठी सुपरमॅनची शवपेटी काढलेली होती.

सीगलचं जमेना, तेव्हा श्वार्ट्झने ही अडचण ॲलन मूरला सांगितली. दोघे नाश्त्याला बसले होते. श्वार्ट्झच्या आठवणीप्रमाणे मूर खुर्चीतून उठला, त्याने संपादकाच्या गळ्याभोवती हात धरले आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणाला दिलीस तर तुझा जीव घेईन, असं बजावलं. मूर नॉर्थॅम्प्टनचा, तेव्हा बत्तिशीच्या आसपासचा, लांब केस आणि भली मोठी दाढी. ज्या महिन्याच्या तारखेने त्याची ही निरोपकथा छापली गेली, त्याच महिन्याच्या तारखेने त्याच्या ‘वॉचमेन’चा पहिला अंकही आला. वीरनायक या कल्पनेची चिरफाड करणारं लेखन आणि सर्वांत जुन्या वीरनायकाला डोळ्यांत पाणी आणून दिलेला निरोप, दोन्ही एकाच टेबलावर, एकाच सुमाराला लिहिली जात होती. मूरच्या मनात सुपरमॅनबद्दल तुच्छता असती तर हे दोन अंक असे उतरलेच नसते.

आता गोष्ट. ती घडते १६ ऑगस्ट १९९७ला, म्हणजे छापली गेली तेव्हापासून अकरा वर्षं पुढे. सुपरमॅन नाहीसा होऊन दहा वर्षं झाली आहेत. ‘डेली प्लॅनेट’चा एक तरुण बातमीदार स्मृतिअंकासाठी लोइस एलियटच्या घरी येतो. ही पूर्वीची लोइस लेन. नवरा जॉर्डन गॅरेजमध्ये काम करतो, घरात तान्हं मूल आहे. लोइस शेवटच्या दिवसांची हकिकत सांगू लागते. जी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलाखती घेत आली, ती इथे मुलाखत देते आहे.

आधी चिल्लर शत्रू खुनशी होतात. बिझारो हा वर्षानुवर्षं हसवणारा उफराटा सुपरमॅन आपलं अख्खं जग नष्ट करून येतो आणि स्वतःलाही संपवतो. टॉयमॅन आणि प्रँकस्टर, ज्यांच्या नावातच पोरखेळ आहे, ते सुपरमॅनचा बालमित्र पीट रॉस याला हाल करून मारतात आणि क्लार्क केंट म्हणजेच सुपरमॅन हे गुपित टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर फोडतात. ब्रेनिॲकचं धातूचं डोकं लुथरच्या डोक्यावर बसून त्याच्या शरीराचा ताबा घेतं. सुपरमॅन आपल्या जवळच्या माणसांना उत्तर ध्रुवाजवळच्या आपल्या गडावर नेतो. तोवर त्याला कळून चुकलेलं असतं, की पोरकट माणसंच जर अशी झाली असतील, तर मोठे शत्रू यायचे आहेत.

आणि क्रिप्टो येतो. पुष्कळ दिवस कुठे होता कुणास ठाऊक, पण शेवट जवळ आल्याचं उमजून कुत्रा घरी परततो. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागे चालणारा कुत्रा मला इथे आठवल्यावाचून राहत नाही. मूरने महाभारत डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं, असा माझा दावा नाही. पण एखादं मोठं घराणं संपायला आलं की कुठूनसा एक कुत्रा सोबतीला येतो, हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. फरक इतकाच, की इथे तो स्वर्गाच्या दारापर्यंत पोचत नाही. तो क्रिप्टोनाइट मॅन या विषारी शत्रूला चावतो, त्याला मारतो आणि त्याच विषाने स्वतः मरतो.

पहिल्या भागात एक प्रसंग आहे, त्यासाठी मी हा अंक कुणालाही वाचायला देईन. रात्री गडावर भविष्यकाळातून लीजनची पोरं भेटायला येतात. त्यांच्यात सुपरगर्लही आहे, किशोरवयाची, तिच्या स्वतःच्या भूतकाळातून आलेली. ती विचारते, मोठेपणीची मी कुठे आहे? वाचकाला माहीत आहे की ती मेली, वर्षही उलटलेलं नाही. सुपरमॅन तिला सांगतो की ती सध्या भूतकाळात आहे. तो खोटं बोललेला नाही, आणि ते बोलताना त्याची काय अवस्था झाली असेल हे वेगळं लिहावं लागत नाही. पोरं त्याला एक छोटा पुतळा भेट देऊन निघून जातात. ती इतिहास जाणून आहेत. अखेरची भेट घ्यायला आली होती. ती गेल्यावर जगातला सर्वांत बलवान माणूस एकटा बसून रडतो. या भागाच्या चित्रांवर शाई फिरवली होती जॉर्ज पेरेझने. ‘क्रायसिस’मध्ये सुपरगर्लचं मरण काढलं तेही त्यानेच.

दुसऱ्या भागाचं शाईकाम कर्ट शाफेनबर्गरचं. या माणसाला मालिका बंद पडण्याचा जुना अनुभव होता. चाळीस-पन्नासच्या दशकांत तो फॉसेट कंपनीसाठी कॅप्टन मार्व्हलच्या कुटुंबाची चित्रं काढत असे. कॅप्टन मार्व्हल ही सुपरमॅनची नक्कल आहे असा दावा डीसीच्या पूर्वसुरी कंपनीने लावला. तो जवळजवळ एक तप रेंगाळला, आणि अखेर १९५३ साली फॉसेटने चार लाख डॉलर भरून माघार घेतली. ‘मार्व्हल फॅमिली’चा शेवटचा अंक जानेवारी १९५४चा. त्याच्या मुखपृष्ठावर नायकांच्या जागी नुसत्या रिकाम्या आकृत्या होत्या. त्यानंतर शाफेनबर्गर डीसीत आला आणि लोइस लेनच्या मासिकाची चित्रं काढू लागला. लोइसचा जो चेहरा एका पिढीच्या डोळ्यांसमोर राहिला, तो बराचसा त्याचा. निरोपकथेत लोइसचा चेहरा त्याच्याच शाईने पुरा व्हावा, ही योजना होती की योगायोग, कोण जाणे. पण फार योग्य झालं.

आणि स्वान. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून तीस वर्षं सुपरमॅन म्हणजे स्वानचा सुपरमॅन. त्याच्या रेषेत गाजावाजा नाही. माणसं शेजारच्या बिऱ्हाडातली वाटावीत अशी, सुपरमॅनचा चेहरा शांत, थोडा काळजीचा. बर्नच्या आगमनाबरोबर स्वानची ही जागा संपणार होती. नंतरही त्याला अधूनमधून सुपरमॅनचं काम मिळत गेलं, पण घर आता त्याचं राहिलं नव्हतं. म्हणून मी या दोन अंकांकडे पाहतो तेव्हा मला दोन निरोप दिसतात. जो पात्राला निरोप देतो आहे, त्याच्या हातचंही काम संपलेलं आहे. तरी एका चौकटीतही तक्रार नाही. रेषा अखेरपर्यंत तशीच स्वच्छ.

या कथेत मला न पटणारंही आहे. पहिला भाग मरणांनी फार भरलेला आहे. पीट रॉसचा अंत स्वानच्या सौम्य चित्रांत काट्यासारखा टोचतो. लानाचं जे होतं, ते तर मला आजही सलतं. गडावर सुपरमॅन ‘डेली प्लॅनेट’चा संपादक पेरी व्हाइट याला सांगतो, की माझं प्रेम लोइसवर होतं, पण लानाला दुखवायचं धैर्य नव्हतं म्हणून मी कुणालाच काही बोललो नाही. तात्पुरती अद्भुत शक्ती मिळालेल्या लानाच्या कानांवर ते पडतं. तरीही ती आणि सुपरमॅनचा तरुण मित्र जिमी ऑल्सेन बर्फात बाहेर पडतात आणि त्याच्यासाठी लढत मरतात. तीन दशकं या दोघींना एका पुरुषावरून भांडायला लावणाऱ्या मासिकांनी अखेरीस एकीला संसार दिला आणि दुसरीला मरण. लानाला याहून अधिक मिळायला हवं होतं.

खरा शत्रू निघतो मिक्स-येझ-पिट-लिक, पाचव्या मितीतला तो बुटका खट्याळ प्राणी, जो १९४४पासून सुपरमॅनची नुसती थट्टा करायला येत असे. मूरने त्याला भयानक साधं कारण दिलं आहे: कंटाळा. हा प्राणी अमर आहे. दोन हजार वर्षं त्याने काहीच केलं नाही, पुढची दोन हजार वर्षं पुण्यकर्मं केली, मग दोन हजार वर्षं खोड्या काढल्या. आता त्याला दुष्टपणा करून पाहायचा आहे. ज्याला शेवट नाही त्याचं काय होतं, हे मूरने इथे सांगून टाकलं आहे, आणि ते दर महिन्याला निघणाऱ्या, कधीच न संपणाऱ्या मासिकांनाही लागू आहे.

सुपरमॅन त्याला मारतो. कधीही जीव घेणार नाही ही त्याची शपथ. ती त्याने जाणूनबुजून मोडली, आणि दुसरा मार्गही नव्हता. लोइस त्याची समजूत घालते, पण त्याला ते पटत नाही. जीव घ्यायचा अधिकार कुणालाच नाही आणि मला तर मुळीच नाही, असं मानून तो एका खोलीत जातो. तिथे सोनेरी क्रिप्टोनाइट ठेवलेलं आहे, त्याच्या सगळ्या शक्ती कायमच्या काढून घेणारं. मग दार उघडून तो बर्फात चालू लागतो. परत कुणाला दिसत नाही.

कृष्ण गेल्यानंतर अर्जुनाला गांडीवाची दोरी ओढवेना, अस्त्रं आठवेनात. मौसलपर्वातला तो अर्जुन मला लहानपणापासून युद्धातल्या अर्जुनापेक्षा जवळचा वाटतो. आपल्या मोठ्या गोष्टींनी नायकांचे शेवट लपवले नाहीत: राम शरयूत उतरतो, कृष्णाला पारध्याचा बाण लागतो. कॉमिक्समध्ये मात्र शेवट हा धंद्याचा शत्रू. आमच्या पिढीने मराठीत ‘इंद्रजाल’मधून वाचलेल्या वेताळाला ली फाल्कने यावर तोडगा काढून दिला होता. बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो, एकविसावा वेताळ पहिल्याचीच शपथ घेतो आणि जंगलाला वाटतं तो अमर आहे. मार्च १९६४ला सुरू झालेलं इंद्रजाल १९९०मध्ये थांबलं. वेताळ थांबला नाही. सुपरमॅनला मात्र मुलगा देऊन चालण्यासारखं नव्हतं. त्याला कायम तिशीतच राहायचं होतं.

म्हणूनच मूरच्या शेवटच्या दोन पानांचं मोल. बातमीदार निघतो. जाता जाता जॉर्डन एलियट त्याला म्हणतो, की सुपरमॅनचं जरा जास्तच कौतुक झालं. आपल्यावाचून जगाचं चालणार नाही असं त्याला वाटत होतं. बातमीदार गेल्यावर तान्हं मूल कोळशाच्या बादलीत हात घालतं आणि मुठीत दाबून त्याचा हिरा करतं. जॉर्डन वाचकाकडे पाहून डोळा मिचकावतो आणि दार बंद करतो. ‘जॉर्डन एलियट’ या नावात सुपरमॅनच्या बापाचं, जोर-एलचं, नाव दडलेलं आहे, हे मला तिसऱ्या वाचनात कळलं. जगाला तो मेला असं वाटतं. तो मात्र रोज डबा घेऊन गॅरेजात जातो, संध्याकाळी हातांचं काळं तेल धुतो आणि मुलाशी खेळतो.

कथेच्या सुरुवातीलाच मूर कबूल करतो, की ही काल्पनिक कथा आहे. आणि लगेच वाचकाला आठवण देतो, की तशा तर सगळ्याच आहेत. सीगलच्या १९६१मधल्या गोष्टीला जी पळवाट होती, तिच्यातच मूरने खरेपणा शोधला. ‘घडलंच नाही’ असं कंपनीने ठरवलं, म्हणून आपण वाचलेलं पुसलं जात नाही.

जानेवारी १९८७च्या तारखेने नवा ‘सुपरमॅन’ पहिल्या क्रमांकापासून सुरू झाला, आणि ‘ॲक्शन कॉमिक्स’चा ५८४वा अंकही निघाला. मूरने पुढच्या काही वर्षांत डीसीसाठी लिहिणं बंद केलं. कारण पुन्हा तेच, आपण घडवलेल्या गोष्टीवर आपला हक्क किती. हे दोन अंक एकत्र करून पुस्तकरूपाने अनेकदा छापले गेले आहेत, आजही मिळतात. वाचायचे तर क्रमाने वाचा, माझ्यासारखे उलटे नको.

कथेतली तारीख १६ ऑगस्ट १९९७. जेरी सीगल २८ जानेवारी १९९६ला गेला, कर्ट स्वान त्याच वर्षी १७ जूनला. तो दिवस दोघांनाही पाहायला मिळाला नाही.